अक्षरांचं तिकीट

डॅनियल मामा माझ्या दुकानात पहिल्यांदा आले तेव्हा मी एका लग्नपत्रिकेवर होतो. चांगलं वेलबुट्टीचं, झोकदार शेपटीचं 'श्री' नुकतंच पडद्यावर बसवलं होतं. मामांनी चष्मा कपाळावर चढवला, 'श्री'कडं बोट केलं आणि विचारलं, "याचं तिकीट आहे का?"

मी म्हटलं, "कशाचं?"

"या अक्षराचं. कुणीतरी बसून काढलं असेल ना हे? त्याला विचारलंत? परवाना घेतलात?"

आता बघा, ही गोष्ट दोन हजार सालाच्या आसपासची. दौंड स्टेशनाबाहेर माझं दुकान. पाटीवर डीटीपी, झेरॉक्स, लॅमिनेशन, एसटीडी, आयएसडी, असं सगळं एकाखाली एक. माझ्याकडचे फॉन्ट एका सीडीतून आलेले. ती सीडी शिरूरच्या एका पाहुण्यानं दिली होती, त्याला पुण्यातल्या कुणीतरी दिली होती, आणि त्या कुणीतरीला कुणी दिली हे विचारायची पद्धत नव्हती. 'श्री' फुकट, 'शुभविवाह' फुकट, 'आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं' तेही फुकट. दौंड-शिरूर दोन्ही तालुक्यांतली लग्नं त्या एका सीडीवर लागत होती.

"परवाना न्हाई बा," मी म्हटलं.

"म्हणजे हे अक्षर विनातिकीट आहे," मामा म्हणाले, आणि स्टूल ओढून बसले. रागावले नाहीत, आवाज चढवला नाही. विनातिकीट माणसाशेजारी पुढचं स्टेशन येईपर्यंत बसून राहायचं, ही त्यांची जुनी सवय.

मामा रेल्वेत टीसी होते. दौंड-मनमाड लाइनीवर उभा जन्म गेला. पोलिसाला मामा म्हणतात तसं यांनाही सगळं दौंड मामा म्हणायचं, आणि म्हणताना जरा खिसा चाचपायचं. रिटायर झाले तरी पांढऱ्या पॅन्टीची इस्त्री तीच आणि चाल तीच, दोन्ही बाजूंच्या बाकांवर नजर टाकत गेल्यासारखी. माणूस बेने इस्रायली, म्हणजे आपल्यासारखंच मराठी बोलणारा ज्यू. मूळ गाव अलिबागेकडं. तिकडं यांच्या लोकांचे तेलाचे घाणे होते आणि शनिवारी ते बंद, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणायचे. रेल्वेच्या नोकऱ्यांमुळं दौंडात यांची बरीच घरं झाली होती. मग एकेक घर इस्रायलला गेलं. शेवटी मामा आणि मामी, एवढंच उरलं.

त्यांच्या कडकपणाच्या गोष्टी गावात चवीनं सांगत. एकदा त्यांनी सख्ख्या मेहुण्याला पकडलं, दंड केला, पावती फाडली, आणि त्याच दिवशी त्याला घरी नेऊन जेवायला घातलं. रिटायर झाल्यावर स्टेशनातला चहा प्यायचा तर आधी प्लॅटफॉर्म तिकीट काढायचे. तिथले हमालसुद्धा हात जोडायचे, "मामा, आमाला लाज वाटती." एकदा तळेगाव ढमढेऱ्याला लग्नाला गेले. मामी आजारी होती म्हणून एकटेच. पंगत बसली तरी हे मांडवाच्या दाराशी उभे. नवऱ्या मुलीचा बाप हाताला धरून ओढतोय आणि हे खिशातून पत्रिका काढून दाखवतायत. "इथे 'सहकुटुंब' लिहिलंय. मी एकटा आलोय. असं चालेल का, ते तुम्ही सांगा." त्या माणसानं चालेल म्हणून तीनतीनदा सांगितलं, तेव्हा कुठं हे पाटावर बसले.

मला ते 'कोळपे' म्हणून हाक मारायचे. मी मूळचा मांडवगण फराट्याचा, आमचे आजे-पणजे मेंढरं राखायचे. हे कळल्यावर मामा एकदम खूष झाले. "आमचेही सगळे थोर पुरुष मेंढपाळच. म्हणजे आपण एकाच खात्यातले." तेव्हापासून त्यांनी माझ्या दुकानात यायला कारण शोधायचं बंद केलं.

खरं म्हणजे त्यांना यावंच लागायचं. घरी फोन नव्हता. अर्ज दिला होता, यादीत नाव होतं. आमदाराची चिठ्ठी आणली असती तर आठवड्यात घंटी वाजली असती. पण मामा म्हणाले, "रांगेत पुढं माणसं आहेत." त्यामुळं त्यांच्या मुलाचा, एलीचा, इस्रायलहून फोन यायचा तो माझ्या दुकानात, रविवारी दुपारी. मामी सुती पातळ नेसून, डोक्यावर पदर घेऊन, दुखऱ्या गुडघ्यानं पाय ओढत यायची आणि काचेच्या बूथमध्ये जाऊन बसायची.

एलीशी बोलणं दोन मिनिटांत संपायचं. मग तो पोरीला फोनवर आणायचा. नोआ तिचं नाव, नुकतीच शाळेत जायला लागलेली. आई तिकडचीच, एली कारखान्यात पाळ्यांवर, त्यामुळं पोरीला मराठीचा गंध नाही. मामीला मराठीशिवाय काही येत नाही. नोआ म्हणायची, "शालोम, आजी." मामी म्हणायची, "शालोम, बाळा." झालं. पुढं दोन्हीकडं नुसता श्वास. मामी तशीच रिसीव्हर कानाला दाबून बसायची, ओठ हलायचे, आवाज निघायचा नाही. मी काचेतून बघायचो आणि मग उगाच झेरॉक्स मशीन पुसत बसायचो. काय करणार दुसरं?

बरं, तिकडं जायची मामीची फार इच्छा होती, हे सगळ्या गल्लीला ठाऊक. मामांनी दर वेळी "बघू" म्हटलं आणि ते बघणं काही झालं नाही. मामी त्यावर पुन्हा बोलली नाही.

एका रविवारी मामा एकटेच आले. फोन आला, नोआनं आजी म्हणून हाक मारली, मामांनी एलीला सांगितलं, "आजी झोपलीय." रिसीव्हर ठेवून बराच वेळ टेबलावर बोटं वाजवत बसले. मग म्हणाले, "झोपलेली नाही. मुकं बसायला येणार नाही म्हणते. यापुढं कधीच येणार नाही म्हणते." मामांना खोटं बोलताना मी पहिल्यांदा ऐकलं होतं.

पुढच्या आठवड्यात ते बेत घेऊनच आले. नोआला मराठी येत नाही, पण तिकडची अक्षरं वाचता येतात ना? मग एक लहान पुस्तक करायचं. वाक्यं मराठी, अक्षरं हिब्रू. पोरीनं फोनवर वाचत जायचं आणि मामीनं उत्तर द्यायचं.

"तिला अर्थ कळंल का?" मी विचारलं.

"तिला नाही कळणार. हिला कळेल. आज हिचं जास्त अडलंय."

कल्पना मला जाम आवडली. म्हटलं, त्यात काय, दोन दिवसांत करून देतो. हे वाक्य मी पुढं सहा महिने चघळलं.

पहिली गंमत माझ्यामुळंच झाली. मामांना नुसतं हिब्रू अक्षर नको होतं. जुन्या पोथीतलं हवं होतं, कारण नोआच्या शाळेत त्याच वळणावर पोरांना वाचायला शिकवत होते. नमुन्यासाठी त्यांनी त्यांच्या प्रार्थनेच्या पुस्तकातल्या एका पानाची झेरॉक्स आणून दिली. मी ती स्कॅन केली. पान बघितलं तर काय, अक्षरांच्या खाली, वर, पोटात, सगळीकडं ठिपके. जुनं पुस्तक, झेरॉक्सची घाण, आमच्या धंद्यात हे रोजचंच. दिवसभर बसून, एकेक ठिपका मोठा करून, मी पान आरशासारखं स्वच्छ केलं. मामा आल्यावर अभिमानानं त्यांच्यापुढं धरलं.

मामांनी बघितलं. पुन्हा बघितलं. "इथे काहीतरी होतं," म्हणाले.

"घाण हुती मामा. समदी काढली."

शेजारच्या गाळ्यातले रशीदभाई बाइंडर तिथंच उभे होते. वह्या-पुस्तकं बांधण्यात हात बसलेला, उर्दू-अरबी रोज डोळ्यांखालून जाणारं. त्यांनी कपाळावर हात मारला. "अरे कोळप्या, घाण कुठली! आमच्यात जेर-जबर असतात ना, तसं हाय ते. काना-मात्रा समज. त्याच्याबिगर बच्ची काय वाचणार, तेरा सर?"

म्हणजे मी दिवसभर बसून सगळे स्वर पुसले होते. मला जमिनीनं गिळलं असतं तर बरं झालं असतं. मामा एवढंच म्हणाले, "हरकत नाही. पण तुम्ही फार मनापासून पुसलेत."

मग कळलं की घोडं इथंच अडतंय. कॉम्प्युटरवरचे साधे हिब्रू फॉन्ट ती टिंबं घालत नाहीत, घातली तर भलतीकडं पडतात. तिकडं मोठी माणसं टिंबांशिवाय वाचतात, पण लहान पोराला ती लागतात आणि पोथीला लागतात. आता असा फॉन्ट दौंडात कुठं मिळणार? शिरूरच्या पाहुण्याला विचारलं, तो म्हणाला, "हिब्रू? ह्ये कुटल्या देवाचं?"

राहिलं इंटरनेट. माझ्याकडं मोडेम होता, पण लाइन एकच. इंटरनेट लागलं की एसटीडी बंद. फॉन्ट उतरायला लागला की बूथबाहेर रांग आणि बोंब.

"ओ, फोन कवा चालू व्हनार?"

"थांबा जरा. फॉन्ट उतरतोय."

"कोन पाव्हना म्हनायचा? कुटल्या गाडीनं आला?"

असा दुपारभर खोळंबा करून एक फॉन्ट उतरला. नावात 'प्राचीन हिब्रू' असं इंग्रजीत होतं, तेवढ्यावर मी भुललो. उघडून बघितलं तर बैलाचं तोंड, काठी, दात, कुंपण अशी चित्रविचित्र रेघोट्यांची अक्षरं. रशीदभाई म्हणाले, "ये तो जनावरांचा बाजार भरलाय." मामा मात्र स्टुलावरून उठून उभे राहिले.

"हे आमचंच," ते हळू म्हणाले. "फार जुनं. राजे-रजवाडे होते तेव्हाचं. तुमची मोडी जशी मागे पडली, तसं हेही पडलं. मी फक्त चित्रात बघितलं होतं." जरा वेळ त्या अक्षरांकडं बघत राहिले. मग म्हणाले, "पण पोर हे वाचणार नाही. परत करा."

"परत? मामा, काढून टाकतो की."

"काढून कसं टाकता? घेतलंय ना? प्रवास केला नाही तर तिकीट परत करतात."

मी समजावून थकलो. शेवटी ज्यानं तो फॉन्ट ठेवला होता त्याला त्यांनी मला इंग्रजीत ईमेल लिहायला लावलं, की आपलं अक्षर आम्ही चुकून उतरवलं, वापरलेलं नाही, रद्द करत आहोत, कळावे. मग माझ्याकडून तो पुसून घेतला. त्यावरही समाधान नाही. "ती कचऱ्याची बादली दिसतेय तीही रिकामी करा. तिथून कुणी उचलायचं." त्या माणसाचं उत्तर काही आलं नाही. बिचाऱ्याला आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी फॉन्ट परत केला असेल.

शेवटी हवं ते सापडलं. परदेशातल्या धर्मग्रंथांच्या कुणा अभ्यासकानं केलेला फॉन्ट, अक्षर पोथीतलं, टिंबं जागच्या जागी. फुकट होता. मी आनंदानं बटण दाबायला गेलो तोच मामांनी माझं मनगट धरलं.

"हे खाली काय लिहिलंय?"

"कायतरी असतंय. 'मान्य' म्हनायचं आन् फुडं जायचं."

"वाचल्याशिवाय मान्य?"

हा मजकूर वाचणारा माणूस मी त्याआधी बघितला नव्हता, त्यानंतरही नाही. मामांनी त्याचा प्रिंट काढायला लावला, लाल पेन्सिल घेतली आणि स्टुलावर बसून एकेक कलम वाचलं. त्यात एक कलम निघालं, की धंद्यासाठी वापरायचं नाही. मामांनी पेन्सिल थांबवली आणि माझ्याकडं बघितलं.

"कोळपे, या कामाचे तुम्ही माझ्याकडून पैसे घेणार?"

"घेनार की. सहा महिने डोकं खाल्लंय तुमी."

"मग हा धंदा झाला."

"माझा धंदा मामा! पुस्तक तर इकायचं न्हाई तुमाला!"

"तसं यात स्पष्ट नाही. विचारून घेऊ."

झालं. अभ्यासकाला ईमेल गेलं. त्यात मामांनी सगळं लिहिलं होतं: प्रत एकच निघणार, ती माझ्या नातीसाठी आहे, भाषा मराठी आहे, आणि दौंड येथील श्री. कोळपे मजुरी घेतात, तर हा व्यापार होतो काय. माझं नाव असं सातासमुद्रापार गेलं.

उत्तर येईना. आठवडा गेला, दुसरा गेला. रविवारचे फोन येत होते, मामा एकटे येत होते आणि आजी झोपलीय म्हणून सांगत होते. आता नोआही फोनवर यायचं टाळायला लागली. एली म्हणायचा, खेळायला गेलीय. मामा "बरं बरं" म्हणायचे. अशात पुण्याहून निरोप आला की मामीचा भाचा तिकडं निघालाय, पुस्तक तो हातोहात नेईल, पण येत्या मंगळवारी. टपालावर मामांचा भरवसा नव्हता. पुन्हा असं कोण कधी जाणार?

माझं डोकं सटकलं. मी सरळ ओरडलो, "मामा, बास झालं आता! छापून टाकू. कोण येतंय हितं दौंडात तपासायला?"

"कुणी येणार नाही."

"मंग?"

"मग काय? तपासनीस नाही म्हणून तिकीट काढायचं नाही, असं मी कुणाला चालू दिलेलं नाही. आता स्वतःला कसं चालू देऊ?"

"आवो, तिकडं ती पोर आजीला इसरून जाईल! मामी घरात बसून सुकली. आन् तुमी कसला परवाना धरून बसलाय? बरं, मी पैसे घेत न्हाई. एक रुपया घेत न्हाई. फुकट करतो. झालं का समाधान?"

मामा शांतपणे म्हणाले, "तुम्ही रागानं फुकट करताय. ते खरं नाही."

मी हात टेकले. दोन दिवस त्यांच्याशी बोललो नाही. ते रोज यायचे, स्टुलावर बसायचे, मोडेमकडं बघायचे आणि जायचे. जाताना हात दारावर टेकायला लागले होते. अचानक म्हातारे दिसायला लागले. मला त्यांचा राग येत होता आणि वाईटही वाटत होतं. दोन्ही एकदम वाटलं की माणसाला जेवण जात नाही, तसं झालं माझं.

शनिवारी उत्तर आलं. शनिवार म्हणजे मामांचा विश्रांतीचा दिवस, त्या दिवशी ते काही कामाला हात लावत नाहीत, वाचायलासुद्धा आले नसते. मी प्रिंट काढून गुपचूप टेबलावर ठेवला आणि सूर्य बुडायची वाट बघत बसलो. बुडाल्याबरोबर सायकलीवर टांग टाकली ती थेट मामांच्या घरी. चारच ओळी होत्या. नातीसाठी असेल तर आनंदानं वापरा, मजुरीचं तुमचं तुम्ही बघा, पुस्तक झालं की एक पान आम्हालाही पाठवा, या भाषेत हे अक्षर आम्ही कधी बघितलेलं नाही. मामांनी ते दारातच उभं राहून वाचलं. दोनदा घडी घातली, दोनदा उलगडलं. "कोळपे," म्हणाले, "चला. उद्या काम."

रविवारी दुकान बंद ठेवून आम्ही बसलो. माझा छपाईचा प्रोग्रॅम डावीकडून उजवीकडं चालायचा आणि ती अक्षरं उजवीकडून. म्हणून प्रत्येक ओळ मी शेवटाकडून सुरू करायचो आणि सुरुवातीला संपवायचो. मामा फक्त कीबोर्डची कळ सांगायचे. "लहान बी. मोठा ए. त्याखाली टिंब." काय लिहितोय याचा मला पत्ता नाही. भिंत बांधणाऱ्याला वाड्यात कोण राहणार हे कुठं ठाऊक असतं?

मध्येच मामा अडले. त्या लिपीत 'ळ' नाही. मामांनी विचार केला आणि 'ळ' असलेला प्रत्येक शब्द बाद केला. 'सकाळी'चं 'पहाटे' झालं, 'केळं'चं 'पेरू' झालं. त्यामुळं त्या पुस्तकातलं कुटुंब पहाटे उठतं, पहाटे शाळेत जातं आणि फार पेरू खातं. मी म्हटलं, मामा, 'ळ'च्या जागी 'ल' चालवून घ्या की. ते म्हणाले, "एकाच्या जागेवर दुसऱ्याला बसवायचं नाही."

सोमवारी रशीदभाईंनी पुस्तक उजवीकडून उघडेल असं बांधलं, वर निळं कापड चढवलं. मजुरी त्यांनीही घेतली नाही, मीही घेतली नाही, आणि मामांनी विचारलं, "रागानं नाही ना?" मी म्हटलं, "न्हाई मामा, राग सरला." तेव्हा त्यांनी मान हलवली. दुसऱ्या दिवशी पुस्तक भाच्याबरोबर गेलं, आणि मामीनं गव्हाच्या चिकाचा हलवा पाठवला, नारळाच्या दुधातला, आणि तो एवढा होता की आम्ही दोघांनी चार दिवस खाल्ला. हलवा कशाबद्दल हे मामीला माहीत नव्हतं. मामांनी तिला पुस्तकाचं काही सांगितलंच नव्हतं.

पुढचा एक रविवार गेला. त्याच्या पुढच्या रविवारी मामा मामीला घेऊन आले. काय थाप मारली देव जाणे, पण मामी कपाळाला आठ्या घालूनच आली. "एलीला काही महत्त्वाचं सांगायचंय म्हणे," असं पुटपुटत बूथमध्ये बसली. माझ्या टेबलावर त्याच लाइनचं दुसरं यंत्र होतं, त्याचा स्पीकर मी मामांच्या सांगण्यावरून चालू केला. रशीदभाई हातातली सुई तशीच घेऊन दारात उभे.

घंटी वाजली. मामीनं रिसीव्हर उचलला.

"आजी," तिकडून बारीक, अडखळता आवाज आला. "मी... नोआ. कशी आहेस?"

मामी ताडकन सरळ झाली. "अगं बाई!"

"जेवलीस का?"

"जेवले गं, जेवले! तू जेवलीस का, माझ्या सोन्या?"

"काय केलं होतंस?"

मामीनं सांगायला सुरुवात केली. भात, आमटी, माशाचं कालवण, मासा दौंडात कसा ताजा मिळत नाही, अलिबागेला कसा मिळायचा. तिकडून शब्द नाही. आजी थांबेपर्यंत थांबायचं, असं एलीनं तिला बजावलं होतं. मामी थांबली की पुढचं वाक्य यायचं. गुडघा फार दुखतो का? औषध घेतेस की डबीतच ठेवतेस? मामी हसत होती, डोळे पुसत होती, पोरीला औषधाची नावं सांगत होती. मीही डोळे पुसले, खोटं कशाला सांगू.

मग पान उलटल्याचा आवाज आला.

"आजी, तुला एक सांगू? आजोबा जन्मभर गाडीत बोलले. घरी येईपर्यंत त्यांचं बोलनं संपायचं."

मामीचा हात थांबला.

"तू दाराशी उभी असायचीस. ते त्यांना दिसायचं."

मी वळून मामांकडं बघितलं. ते पाठ फिरवून भिंतीवरचं दरपत्रक वाचत होते. लॅमिनेशनचे दर, झेरॉक्सचे दर. नोआ एकेक शब्द जोडत, 'ण'चा 'न' करत, अडखळत, पुढं वाचत होती.

"बाकीचे लोक गेले. तुलाही यायचं होतं. आजोबांना दौंड सोडवेना, म्हनून तू राहिलीस. ते त्यांना ठाऊक आहे. तुझ्यासमोर त्यांना हे बोलवत नाही. म्हनून मला सांगितलं."

रशीदभाईंनी मान खाली घातली.

"आता तू बोल, आजी. मला समजत नाही. पन मी ऐकते."

मामी काचेतून मामांच्या पाठीकडं बघत होती. त्या पाठीनं दरपत्रक आता दुसऱ्यांदा वाचायला घेतलं होतं. मग ती फोनमध्ये म्हणाली, "नोआ, तुझ्या आजोबांना सांग, मला ठाऊक होतं. पण त्यांच्या तोंडून एकदा ऐकायचं होतं गं मला." आणि बूथचं दार ढकलून, रिसीव्हर हातात धरूनच, तिनं हाक मारली, "अहो, तिथं काय वाचत उभे राहिलात? आत या."

बूथ एका माणसापुरता होता. मामा आत शिरले, मामी स्टुलावर जरा सरकली, आणि दोघं कशीबशी मावली. दार मात्र लागेना. मी स्पीकर बंद केला, तरी उघड्या दारातून ऐकू यायला लागलं. रशीदभाईंनी माझा दंड धरला. "चल, चहा घेऊ."

दुकान तसंच उघडं टाकून आम्ही निघालो, आणि दोन-दोन चहा झाल्यावरच परत आलो.